गुरुवारी ओढ्यापलीकडे

"कार्बोलिकचा वास येतोय तुमच्या हातांना," मी म्हणाले.

हनोख मोरीत पाय धूत होते. त्यांनी वर बघितलं नाही. "येणारच. ड्रेसर माणूस मी."

"आज गुरुवार आहे. गुरुवारी दुपारनंतर दवाखाना बंद असतो."

त्यांनी तांब्या पालथा घातला, पाय पुसले आणि म्हणाले, "काम होतं."

"कुठं?"

"होतं."

ईस्टरच्या आधीपासून हे असं चाललं होतं. गुरुवारी जेवण झालं की खांद्याला पिशवी अडकवायची आणि निघायचं. उन्हं कलल्यावर परत यायचं, न बोलता हातपाय धुवायचे आणि वेळेआधीच जेवायला मागायचं. लग्नाला सहा-सात वर्षं झाली होती. हा माणूस मुळातच कमी बोलणारा, ते मला ठाऊक होतं. पण कमी बोलणं वेगळं आणि लपवणं वेगळं. बायकोला त्यातला फरक कळतो.

मांडवखेड्यात तेव्हा मिशनचा लहानसा दवाखाना होता. त्याच्यामागे दोन खोल्यांचं क्वार्टर आम्हाला राहायला दिलेलं. हनोख तिथे जखमा बांधायचे, इंजेक्शनं द्यायचे. शिवाय मंडळीच्या, म्हणजे गावातल्या ख्रिस्ती समाजाच्या, पंचांपैकी एक होते. त्यांना डाव्या कानानं ऐकू येत नसे. जन्मापासून नव्हे. लेवी पाटोळेनं देवळाच्या दारात, उपासना सुटल्यावर, सगळ्यांदेखत त्यांच्या कानाखाली मारली होती, तेव्हापासून.

लेवीचं म्हणणं असं, की कब्रस्तानाची भिंत बांधताना मंडळीनं त्याच्या बापाच्या रानातला पट्टा आत घेतला. मोजणीवाला आला तेव्हा जुने दगड कुठे होते ते हनोखनी सांगितलं. जिथे होते तिथेच सांगितलं. लेवी हरला. त्यानंतरच्या रविवारी त्यानं हात उचलला. पुढे तो देवळात यायचा बंद झाला, म्हाताऱ्या आईलाही त्यानं पाठवलं नाही. मंडळीनं त्याचं नाव यादीतून काढलं. मी तर त्याचं नाव घरात उच्चारत नव्हते.

त्या गुरुवारी रात्री हनोख झोपल्यावर मी ट्रंक उघडली, कारण दुसऱ्या दिवशी मला पिवळ्या काठाची निळी साडी नेसायची होती. साडी नव्हती. जुनी होती, पण सुती आणि अंगाला मऊ. मी सगळे कपडे उपसले. सकाळी विचारलं, तर म्हणाले, "मी नेली."

"माझी साडी? कुणाला?"

"शलोमी, मी वाईट काही करत नाहीये. एवढं पुरे नाही का?"

पुरे नव्हतं. मी तसं म्हणाले. ते चहा अर्धा ठेवून दवाखान्यात गेले.

दुपारी लेआकाकू डाळ निवडायला ओट्यावर येऊन बसल्या. मंडळीचे सेक्रेटरी फिलिपराव शिरसाट, त्यांची ही बायको. दवाखानाही फिलिपरावांच्याच शब्दावर चालायचा. काकू सुपातले खडे बाजूला काढत सहज म्हणाल्या, "तुझ्या आढावांना काल ओढ्यापलीकडे बघितलं म्हणे कुणीतरी. तिकडं काय गं काम?"

"असेल कुणी पेशंट."

"असेल बाई." काकूंनी खडा फेकला. "तिकडं दोनच तर घरं. एक त्या लेवीचं. तिथं तर ते मेले तरी जाणार नाहीत. आणि दुसरं इंदूचं."

इंदू नवऱ्यानं टाकलेली बाई. एकटीच खोपटात राहायची, शेण-गोवऱ्या विकायची. पोरगेलीच होती. मी सूप उचलून आत गेले आणि चुलीपुढे बराच वेळ नुसती बसून राहिले. निळी साडी मला इंदूच्या अंगावर दिसत होती.

पुढच्या गुरुवारी मी त्यांच्या मागोमाग जायचं ठरवलं होतं. पण त्या दिवशी महिला मंडळाची प्रार्थना आमच्या शेजारी होती आणि लेआकाकूंनी मला हाताला धरून नेलं. आमची शारोन सुटीला माझ्या आईकडे होती, त्यामुळे सबब सांगायलाही काही नव्हतं. डोळे मिटून मी प्रार्थनेला बसले, पण कान दाराकडे होते. त्यातच देवळाची घंटा वाजू लागली. थांबेचना.

आम्ही धावत गेलो. देवळामागच्या खोलीतून धूर निघत होता. सतरंज्या, पेटी, गायनाची पुस्तकं, नाताळचे पडदे, सगळं त्याच खोलीत असायचं. माणसं विहिरीवरून बादल्या आणत होती. वाऱ्यानं जाळ मुख्य छपराच्या कडेला लागला आणि कौलं तडातड फुटायला लागली. आम्ही बायकांनी ओळ करून घागरी पुढे दिल्या. आग विझली तोवर मागची खोली गेली होती आणि देवळाच्या छपराचा एक कोपरा आभाळाला उघडा पडला होता.

हनोख सगळ्यांच्या शेवटी आले. ओढ्याकडच्या वाटेनं, धापा टाकत. मी बघितलं. माझ्या शेजारी उभ्या फिलिपरावांनीही बघितलं.

"कुणाचं काम हे सांगायला नको," फिलिपराव मोठ्यानं म्हणाले. "एकाच माणसाच्या डोळ्यात हे देऊळ खुपत होतं."

"लेवी!" मागून कुणीतरी म्हणालं. मग पाच-दहा जण तेच नाव घेऊ लागले.

"आधी नीट चौकशी करा," हनोख म्हणाले. "कुणी बघितलं का त्याला?"

"बघायला कशाला पाहिजे? तुमच्यासारख्या माणसावर ज्यानं हात टाकला तो काय करणार नाही?"

संध्याकाळच्या आत जमादारानं लेवीला चौकीत नेलं. आमच्या दारावरूनच नेलं. लेवीनं मान वळवून आमच्या घराकडे बघितलं. हनोख खिडकीत उभे होते. ही दोन माणसं एकमेकांशी बोलल्याशिवाय बोलत होती.

हनोख जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी फिलिपराव घरी आले. खुर्चीवर बसले, चहा घेतला.

"जमादार आज तुम्हाला बोलावणार," ते म्हणाले. "फार काही नाही. लेवीनं तुम्हाला मारलं होतं आणि 'बघून घेईन' म्हणाला होता, तेवढं सांगा. खोटं काहीच नाही त्यात."

"नाही, खोटं नाही," हनोख म्हणाले. "पण ते पुरतं खरंही नाही होणार."

"म्हणजे?"

"लेवीनं आग लावली नाही. तो घरी होता. मी दुपारपासून घंटा वाजेपर्यंत त्याच्या घरात होतो."

फिलिपरावांनी कपबशी खाली ठेवली. मी दाराच्या चौकटीला धरून उभी होते.

"तुम्ही? लेवीच्या घरात? कशाला?"

"ते मला सांगता येणार नाही."

"येणार नाही म्हणजे काय, आढाव?"

"मी शब्द दिलाय. तो काय म्हणेल ते त्याला विचारा. मी तिथं होतो आणि तो तिथंच होता, एवढं मी कुठंही सांगेन."

फिलिपराव उठले. त्यांचा आवाज चढला नाही, उलट खाली आला. "मंडळीचा पंच मंडळीच्या शत्रूच्या घरी दर आठवड्याला चोरून जातो, आणि त्याच दिवशी देऊळ जळतं. मला काय वाटेल? दवाखान्याच्या कमिटीला काय वाटेल? हे क्वार्टर मंडळीचं आहे, विसरू नका."

ते गेल्यावर मी दार लोटलं.

"दर आठवड्याला," मी म्हणाले. "त्यांना ठाऊक आहे. सगळ्या गावाला ठाऊक आहे. मीच काय ती एकटी. त्यानं तुमचा कान घालवला आणि तुम्ही त्याच्या घरी जाता? काय शिजतंय तुमचं? त्यानं तुम्हाला कशात धरलंय?"

"कशातच नाही."

"मग सांगून टाका की! कशासाठी गेला होता ते सांगा, संपलं. घर जाईल आपलं. शारोनला घेऊन कुठं जायचं?"

ते खाटेवर बसले. ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं.

"शलोमी, मला दोनच गोष्टी करता येतात. खरं आहे ते बोलायचं आणि दिलेला शब्द पाळायचा. पुढं घर राहील की जाईल, लेवी सुटेल की नाही, लोक काय म्हणतील, हे धरून मी आज काय करायचं ते ठरवायला लागलो, तर मग मी देवावर काय सोडलं? काहीच नाही."

"आणि देवानं नाही सांभाळलं तर?"

"सांभाळेल कसं, ते त्यानं मला सांगितलेलं नाही," ते म्हणाले. "मला भीती वाटत नाही असं समजू नकोस."

जमादाराचा माणूस आला आणि ते गेले. तासाभरात बातमी आली ती वेगळीच. चौकीत लेवी म्हणाला होता की तो आणि आई, दोघंच घरी होते, तिसरं कुणी आलंच नव्हतं. आणि हनोख म्हणत होते की मी तिथे होतो. जमादारानं दोघांनाही बसवून ठेवलं. एक खोटं बोलतोय म्हणाला, कदाचित दोघंही.

मी चप्पल घातली आणि ओढ्याच्या वाटेला लागले. ऊन डोक्यावर होतं. मला खरं काय ते माझ्या डोळ्यांनी बघायचं होतं, मग ते कितीही वाईट असो. वाटेत आधी इंदूचं खोपट लागलं. ती सावलीत गोवऱ्या रचत होती. तिच्या अंगावर हिरवं, ठिगळ लावलेलं लुगडं होतं.

"आढाव ड्रेसर इथं येतात का?" मी सरळच विचारलं.

तिनं मला वरून खालपर्यंत बघितलं. "इथं कशाला येतील? पुढं जातात. लेवीच्या घरी." मग ती म्हणाली, "तू त्यांची मालकीण का? बरं झालं आलीस. म्हातारी रात्रीपासून कण्हतीय. मी पाणी पाजून आले, पण मला एकटीला नाही ती उचलत."

लेवीचं दार नुसतं ओढलेलं होतं. मी ढकललं आणि वास आला. दवाखान्याच्या मागे राहून मला असल्या वासाची सवय होती, तरी मी पदर नाकाला लावला. आत खाटेवर लेवीची आई, राहेलमावशी होत्या. दोन वर्षांपूर्वी देवळात पुढच्या ओळीत ताठ बसणारी ही बाई आता चिमटीत मावेल एवढी झाली होती. कमरेखालचं अंग हलत नव्हतं.

"हनोख आला का रे?" त्यांनी दाराकडे न बघताच विचारलं.

"हनोख नाही, मावशी. मी त्यांची बायको. शलोमी."

"लेवी कुठाय? कालपास्नं नाही आला."

"चौकीत आहे. काहीतरी विचारायला बोलावलंय." खोटं नव्हतं. सगळंही नव्हतं.

मी त्यांना कुशीवर वळवायला गेले तेव्हा दिसलं. पाठीला, कमरेला, दोन्ही टाचांना झोपून झोपून पडलेल्या जखमा. त्यांवर स्वच्छ घड्या करून बांधलेल्या पट्ट्या, आता ओल्या झालेल्या. निळ्या पट्ट्या. एकीला पिवळा काठ होता.

मी तिथेच जमिनीवर बसले. मग उठले, चूल पेटवली आणि पाणी उकळायला ठेवलं. कोनाड्यात हनोखची औषधाची बाटली होती, उरलेल्या साडीच्या धुतलेल्या पट्ट्या होत्या. हनोखना पट्टी बांधताना मी इतक्यांदा बघितलं होतं, की हात आपोआप चालले. लुळं अंग पेलायला मी इंदूला हाक मारून घेतलं. मावशींना दुखत होतं, पण त्या रडल्या नाहीत.

"पडले मी बाई," त्या सांगत होत्या. "कंबर गेली. लेवी म्हणाला, मंडळीतल्या कुणाला कळता कामा नये. आपल्याला टाकलंय त्यांनी, आता आपली दशा बघून हसतील. मग जखमा झाल्या. तेव्हा त्यो एक दिवस गेला आन् हनोखच्या वाटंत उभा राहिला. काय बोलला काय ठाऊक. हनोख लगोलग आला. लेवीनं आधी त्याच्याकडून वचन घेतलं, बायकोलासुदिक सांगायचं नाही."

मी त्यांना पेज भरवली. मनात एकच विचार होता. वचन हनोखनी दिलं होतं, मी दिलं नव्हतं. तरी हे घर माझं नव्हतं.

"मावशी," मी म्हणाले, "मंडळीतल्या एकाला इथं घेऊन येऊ का? तुम्हाला बघायला?"

मावशींनी पेजेची वाटी हातानं बाजूला सारली. "लेवी चिडंल." मग म्हणाल्या, "आण. माणसाचं तोंड बघून लई दिवस झाले."

फिलिपराव जेवून आडवे झाले होते. मी लेआकाकूंना बाजूला सारून आत गेले आणि म्हणाले, "हनोख दर गुरुवारी कुठं आणि कशाला जातात ते तुम्हाला बघायचंय ना? चला."

ते आले. वाटभर संशयानं माझ्याकडे बघत होते, जसं काही मीही त्या कटात सामील आहे. लेवीच्या दारात त्यांचे पाय थांबले. खिशातून रुमाल काढून त्यांनी नाकाला लावला. मी मावशींच्या टाचेवरची पट्टी किंचित सोडून दाखवली. त्यांनी मान फिरवली.

"कोण आलंय?" मावशींनी विचारलं.

"मी. फिलिप शिरसाट."

"फिलिप?" म्हातारीचा चेहरा एकदम उजळला. तिनं हात पुढे केला. "तू आलास? मंडळी बरी आहे ना रे? देवळात सगळे येतात ना?"

फिलिपरावांनी रुमाल खाली घेतला. त्यांनी तो हात धरलाही नाही, झिडकारलाही नाही, नुसते खाटेशी उभे राहिले. मग बाहेर गेले आणि गोठ्याजवळच्या दगडावर बसले. मी दारातून बघत होते. शेवटी ते उठले आणि चौकीच्या दिशेनं चालू लागले. तिथे ते काय बोलले ते मला कधीच कळलं नाही.

दिवस मावळायच्या आत दोघंही सुटले. मी चौकीच्या बाहेर उभी होते. लेवीच्या ओठाला रक्त सुकलेलं होतं. तो हनोखपुढे थांबला.

"मी तुझं नाव मुद्दाम घेतलं नव्हतं," तो म्हणाला. "तुला कशाला आत ओढायचं म्हणून. आणि तू स्वतःहून येऊन सांगितलंस."

"तिथं होतो, म्हणून सांगितलं," हनोख म्हणाले.

लेवी आणखी काही बोलेल असं मला वाटलं. पण आईकडे जायला तो जवळजवळ पळतच निघाला. आभाराचा शब्द नाही, माफीचा नाही. मला राग आला आणि मी तो बोलून दाखवला. हनोख म्हणाले, "त्याची आई एकटी आहे, शलोमी."

सगळं सरळ झालं असं मात्र नाही. आग कुणी लावली, की आपोआप लागली, हे आजपर्यंत कुणाला कळलेलं नाही. कुणी विडीचं थोटूक म्हणालं, कुणी वायर म्हणालं. मी कितीतरी दिवस एकेकाच्या तोंडाकडे बघायचे आणि मनात म्हणायचे, हा असेल का? फिलिपरावांनी पहिल्याच क्षणी लेवीचं नाव का घेतलं, याचाही मी विचार केला. हनोखला सांगितलं, तर म्हणाले, "लेवीच्या बाबतीत आपण हेच केलं होतं." त्यानंतर मी तो विषय काढला नाही.

पुढच्या रविवारी पंचांची बैठक झाली. हनोखनी मंडळीपासून गोष्ट लपवली, म्हणून त्यांचं पंचपद काढून घेतलं. फिलिपराव त्या बैठकीला होते. ते हनोखच्या विरुद्ध बोलले नाहीत आणि बाजूनंही बोलले नाहीत. दवाखान्याच्या कमिटीनं महिनाअखेर क्वार्टर रिकामं करायला सांगितलं. हनोखनी ऐकून घेतलं. घरी आल्यावर त्यांनी मला सगळं सांगितलं. काहीही न वगळता. मग भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. माझ्या माणसाला रडताना मी पहिल्यांदा बघितलं.

पुढे आम्ही तालुक्याला गेलो. एका खासगी डॉक्टरांकडे त्यांना काम मिळालं, पगार कमी होता. शारोन तिथेच शिकली. लोक विचारतात, देवानं तुमचं भलं केलं का? काय उत्तर द्यावं ते मला कळत नाही. आम्ही उपाशी मेलो नाही. हनोख शेवटपर्यंत शांत झोपले. घर गेलं, ते गेलंच.

पण मला आठवतो तो मांडवखेड्यातला शेवटचा गुरुवार. सामान बांधून ठेवलं होतं. जेवण झाल्यावर हनोख उठले आणि खांद्याला पिशवी अडकवू लागले.

"थांबा," मी म्हणाले आणि चप्पल शोधू लागले.

"तू कशाला?"

"लेवीनं मावशींना धरलं तरी मलमपट्टीला आणखी दोन हात बरे."

आम्ही ओढा ओलांडला. पाणी जवळजवळ आटलेलं होतं. अर्ध्या वाटेवर मी विचारलं, "आपलं आता काय होईल हो?"

"ठाऊक नाही," ते म्हणाले.

याच माणसाचं हेच उत्तर चार आठवड्यांपूर्वी ऐकलं असतं, तर मी त्यांना घरात घेतलं नसतं. आता मी नुसती त्यांच्या जोडीनं चालत राहिले.

लेवी दारात उभा होता. हनोखला बघून तो आत वळणार होता, तेवढ्यात मागे मी दिसले. तो जागच्या जागी थांबला. माझ्याकडे बघून त्यानं नजर खाली घातली, पुन्हा वर केली. मीही थांबले.

मग तो दारातून बाजूला झाला. "या, वहिनी," म्हणाला.

मी आत गेले.